उघड्या डोळ्यांचा फोटो

माझ्या बाबांचा एकही धड फोटो नव्हता. हे सांगायची मला लाज वाटते, कारण बाबांनी चाळीस वर्षं कॅमेरे दुरुस्त केले आणि मी बावीस वर्षं फोटो काढूनच पोट भरते आहे.

तसे फोटो ढीगभर होते. पण सगळ्यांत तऱ्हा एकच. डोळे मिटलेले, मान डावीकडे कललेली, भुवया जरा जवळ आलेल्या. अनोळखी माणसाला वाटावं, हे गृहस्थ लांबून येणारं गाणं ऐकतायत. ते ऐकतच असायचे, पण गाणं नाही, समोरच्या कॅमेऱ्याचं शटर. फोटो काढणाऱ्याचं बोट खटक्यावर टेकलेलं दिसलं की बाबा डोळे मिटून कान टवकारायचे. पडदा वेळेवर उघडला का, मिटताना अडखळला का, स्प्रिंग सैल पडली आहे का, हे सगळं त्यांना त्या एका आवाजात कळायचं. स्वतःच्या लग्नातसुद्धा त्यांनी हेच केलं. तीन फोटो निघाले, तिन्हींत डोळे बंद, आणि चौथ्याच्या आधी त्यांनी फोटोग्राफरला बाजूला घेऊन सांगितलं की तुमचा पडदा मध्येच रेंगाळतो, उद्या घेऊन या. तो बिचारा खरंच घेऊन आला. नवरी घरात येऊन एक दिवस झालेला आणि नवरदेव मागच्या खोलीत स्क्रू मोजत बसलेले, हे आई आजही प्रत्येक पाहुण्याला सांगते.

लपूनछपून काढलेले फोटोही होते. त्यांत बाबांचं टक्कल होतं, पाठ होती, डोळ्याला भिंग लावून टेबलावर वाकलेली मान होती. चेहरा नव्हता.

हे इतकी वर्षं आम्ही हसण्यावारी नेलं. मग गेल्या महिन्यात बाबांच्या डाव्या कानाखाली गाठ दिसली. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, गाठ साधी आहे, जिवाला धोका नाही, पण ती काढावी लागेल. आणि ओठ उचलणारी, पापणी मिटणारी नस नेमकी तिच्यातूनच जाते. ऑपरेशननंतर तोंडाची डावी बाजू खाली ओढल्यासारखी दिसेल. काही महिने, कदाचित कायमची. डावा डोळाही पुरता मिटणार नाही. बाबा लगेच म्हणाले की बरंच झालं, आता फोटोत एक डोळा तरी उघडा येईल. डॉक्टर हसले, मी हसले. आई हसली नाही.

आईनं आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. तिचं बोलणं मोजकं, आणि स्वतःसाठी काही मागणं तर जवळजवळ नाहीच. त्या संध्याकाळी भांडी पुसता पुसता ती मला म्हणाली, "चव्वेचाळीस वर्षं झाली. माझ्याकडे बघून हसतात ना, तसा एक फोटो मला हवाय. मंगळवारच्या आत."

मंगळवारी ऑपरेशन होतं. तो शुक्रवार होता.

योगायोगानं त्याच दिवशी माझ्या पिशवीत दोन नवे कॅमेरे होते, आणि दोन्ही माझे नव्हते. त्याचं असं झालं, की मी गाण्याच्या मैफली आणि नाटकं यांचे फोटो काढते, आणि माझा जुना कॅमेरा कडी लावल्यासारखा आवाज करायचा. महिन्यापूर्वी एका पियानोवादकानं ऐन शांत जागी वाजवायचं थांबवून, सबंध सभागृहादेखत माझ्याकडे वळून पाहिलं. पुढच्या वेळी शांत कॅमेरा आणा किंवा येऊ नका, असं आयोजकांनी मला दुसऱ्या दिवशी कळवलं. बाबांच्या ओळखीच्या दुकानदारानं म्हणून दोन कॅमेरे सोमवारपर्यंत वापरून बघायला दिले. दोन्ही घेण्याची ऐपत नव्हती. एक ठेवायचा होता, एक परत.

पहिला डिजिटल रेंजफाइंडर. त्यात लेन्समधून बघायचं नसतं. कोपऱ्यात काचेची वेगळी खिडकी असते, तिच्यातून जग जसं आहे तसं दिसतं, चौकटीच्या बाहेरचंसुद्धा. मध्यभागी एक छोटा उजळ ठिपका, त्यात समोरच्या वस्तूच्या दोन प्रतिमा. लेन्सची कडी फिरवत त्या दोन्ही एकमेकींवर आणायच्या, की फोकस झाला. शटरचा आवाज अगदी मऊ. दुसरा मिररलेस. त्याच्या खिडकीत चिमुकला पडदा असतो आणि लेन्सला जे दिसतं तेच त्यावर दिसतं. तो माणसाचा डोळा स्वतः शोधतो, डोळ्यावर छोटा चौकोन बसवतो आणि माणूस हलला तरी चौकोन सोडत नाही. आणि सांगितलं तर काडीचाही आवाज करत नाही.

बाबांचा कौल अर्थातच पहिल्याला. माणूस चौकटीत शिरायच्या आधी दिसला पाहिजे, तरच तो केव्हा शिरतोय ते कळतं, असं त्यांचं म्हणणं. मिररलेस त्यांनी डोळ्याला लावला आणि खाली ठेवला. हा कॅमेरा नव्हे, टीव्ही आहे, म्हणाले. मी म्हटलं, टीव्ही तर टीव्ही, अंधाऱ्या सभागृहात त्यात दिसतं तरी. त्यावर ते म्हणाले की तुझ्या पिढीला दिसायची घाई आहे, बघायची नाही. मला असली वाक्यं ऐकली की तळपायाची आग मस्तकात जाते, पण ऑपरेशनचा विचार करून मी दोन्ही कॅमेरे पिशवीत भरले.

शनिवारी रेंजफाइंडरनं सुरुवात केली. बाबांना बाल्कनीत बसवलं, समोर आईला बसवलं, उजेड सुंदर होता. मी कडी फिरवली, दोन बाबांचे एक बाबा झाले, बोट खटक्याकडे नेलं आणि ते डोळे मिटून मोकळे. मी गप्पा मारल्या, त्यांच्या जुन्या मित्रांच्या नकला केल्या, तीन म्हणेन तेव्हा काढेन असं सांगून दोनलाच काढला. बाबा एकलाच डोळे मिटून बसले होते. शिवाय प्रत्येक फोटोनंतर अहवाल. शटर छान आहे. पडदा मऊ पडतो. या वेळी आवाज जरा जड वाटला, पुन्हा काढ बघू.

साठ फोटो काढले, साठांत डोळे बंद. शेवटी मी चिडून म्हणाले की बाबा, तुम्ही मुद्दाम करता. ते खरोखर कावरेबावरे झाले. आपण डोळे मिटतो हे त्यांना त्या क्षणी कळतच नसे. "मी बघतच होतो गं," ते म्हणाले. त्यांचा चेहरा बघून मलाच अपराधी वाटलं.

रविवारी सकाळी मिररलेस काढला. मला वाटलं, आता लढाई जिंकली. आवाजच नाही तर ऐकणार काय? पण बाबांना बोट दिसलंच. डोळे मिटून ते आवाजाची वाट बघत बसले. आवाज आला नाही. ते आणखी वेळ थांबले. काढलास का, त्यांनी विचारलं. काढला. मग आवाज? नाही येत याला. मग त्यांनी डोळे उघडले आणि कॅमेऱ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू समोर नाडी न लागणारा पेशंट बसलाय. अर्ध्या फोटोंत ते आवाजाची वाट बघत होते आणि अर्ध्यांत त्यांना संशय आला होता.

आईनं चष्मा लावून सगळे फोटो एकेक करून पाहिले. तिनं तक्रार केली नाही, हे तर जास्तच लागलं. हे बिल तपासायला आलेल्या माणसासारखे दिसतायत, एवढंच म्हणाली आणि कॅमेरा माझ्या हातात देऊन आत गेली. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. बावीस वर्षं परक्या माणसांचे चेहरे टिपले, लोक पैसे देऊन बोलावतात, आणि घरच्या एका माणसाचं हसू मला पकडता येत नव्हतं. त्याचीही मुदत मंगळवारी संपत होती.

दुपारी मी नाद सोडला. फोटो होत नव्हता तर निदान कॅमेरा तरी ठरवू, म्हणून रेंजफाइंडर बाबांच्या हातात दिला. म्हटलं, मी सांगून काय होणार, तुम्हीच एकदा नीट वापरून निकाल द्या.

बाबा खुलले. मागच्या खोलीत त्यांचं टेबल आहे, त्यावर चिमटे, फुंकणी, बारीक स्क्रूंच्या डब्या आणि वाकणारा दिवा. तिथं उभं राहून त्यांनी कॅमेरा आधी कानाशी धरून वेगवेगळ्या वेगांवर चार वेळा वाजवला. मग मागच्या स्क्रीनवर काळी चिकटपट्टी लावली. कॅमेरा दुकानाचा होता, मी अडवायला पुढं झाले. पण त्यांचं म्हणणं, काम चालू असताना निकाल बघायचा नसतो. आपोआप चालणारं सगळं बंद केलं. सेकंदाचा एकशे पंचविसावा भाग हा वेग त्यांनी हातानं लावला आणि खिडकीशी पेपर वाचत बसलेल्या आईला म्हणाले, "तिथंच बस. हलू नकोस."

आईनं पेपर बाजूला ठेवला. मी तिच्या खुर्चीमागं, भिंतीला टेकून उभी होते. हातात मिररलेस होता, कारण कॅमेरा जवळ असताना मला नुसतं उभं राहता येत नाही. अपेक्षा काहीच नव्हती. खोलीतल्या उजेडात तो फोकस कसा करतो एवढं बघायचं होतं.

बाबांनी कॅमेरा डोळ्याला लावला, कडी फिरवली, खटका दाबला. एकशे पंचवीस, बरोबर, ते समाधानानं म्हणाले. दुसरा काढला. मग आईला म्हणाले की मान थोडी वर कर. तिनं केली. मग म्हणाले की चष्मा काढ. तिनं काढला. मला गंमत वाटली. बाबांच्या हातांतून हजारो कॅमेरे गेले, पण ते तपासायला त्यांनी कायम समोरच्या भिंतीचे, दाराच्या कडीचे, कॅलेंडरच्या आकड्यांचे फोटो काढले. आईला बसवून तिचे फोटो काढताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आईचा चेहरा मला मागून दिसत नव्हता, पण तिची पाठ शाळेतल्या बाकावर बसल्यासारखी ताठ झाली होती.

चौथ्या फोटोला बाबा कुरकुरले. कॅमेऱ्याच्या खिडकीत एक लाल बाण लागतो, प्रकाश कमी पडतोय म्हणून सांगतो, म्हणाले. एवढ्या उजेडात कमी कसा पडेल? त्यांनी लेन्स आणखी उघडली. बाण तसाच. दिवा आईकडे वळवला. बाण तसाच. त्यांनी आईला खुर्चीसकट खिडकीकडे सरकवलं, स्वतः दोन पावलं पुढं आले, गुडघ्यावर बसले, पुन्हा उठले. प्रत्येक वेळी तिच्याकडे नीट बघून, कडी फिरवून, फोटो काढत होते. मी खुर्चीमागं सरकत त्यांच्यावर कॅमेरा धरून होते. माझ्या पडद्यावरचा चौकोन त्यांच्या उघड्या डोळ्यावर बसला होता, पण उरलेला अर्धा चेहरा कॅमेऱ्याआड होता.

बारावा फोटो काढून त्यांनी कॅमेरा खाली घेतला. प्रकाशमापक गेलाय, त्यांनी जाहीर केलं. नवाकोरा माल आणि आतून बिघडलेला. दोष सापडला की बाबांच्या अंगात दहा हत्तींचं बळ येतं. दुकानदाराला उद्या काय सांगायचं ते बोलत बोलत त्यांनी टेबलाकडे वळून लहान पेचकस कुठाय म्हणून विचारलं.

तेव्हा आई म्हणाली, "अहो, झाकण."

बाबांनी हातातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. लेन्सवर झाकण होतं. काळ्या लेन्सवर काळं झाकण, पहिल्या फोटोपासून. रेंजफाइंडरची खिडकी वेगळी, तिच्यातून सगळं लख्ख दिसतं, लेन्सवर झाकण आहे की नाही हे कळतच नाही. माझ्याही लक्षात यायला हवं होतं, पण मी त्या चौकोनाच्या नादात होते. आणि हा तर बाबांच्या धंद्यातला सगळ्यात जुना विनोद. अख्खा रोल काळा आला म्हणून भांडायला येणाऱ्या गिऱ्हाइकांना ते चाळीस वर्षं खुर्चीवर बसवायचे, पाणी द्यायचे, आणि गंभीर चेहऱ्यानं विचारायचे की साहेब, झाकण काढलं होतं का.

बाबांनी झाकणाकडे पाहिलं. मग मान वर करून आईकडे पाहिलं. आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते यायला लागलं.

माझं बोट खटक्यावर होतं. या वेळी त्यांना माझं बोट दिसलं नाही, मी दिसले नाही, डोळे मिटायची त्यांना आठवणच राहिली नाही. आधी ओठांचे कोपरे हलले, मग गाल वर गेले, मग ते आईकडे बघत असे हसले की त्यांना टेबल धरावं लागलं. मी दाबतच राहिले. कॅमेऱ्यानं हूं की चूं केलं नाही. चौकोन त्यांच्या डोळ्यावरून एकदाही सुटला नाही.

हसू ओसरल्यावर मी मागचा पडदा बघितला. पहिला हललेला, दुसऱ्यात हात आडवा. सातवा पाहिला आणि तिथंच थांबले. दोन्ही डोळे उघडे, ओले, सरळ आईवर. ओठांचा डावा कोपरा उजव्याइतकाच वर गेलेला. कानाखाली गाठ दिसत होती, तीही असू दे. हे माझे बाबा होते. जिंकले होते मी. चाळीस वर्षांच्या कानांना चुकवून, त्यांच्याच खोलीत, मंगळवारच्या दोन दिवस आधी. चाळिशी ओलांडलेली बाई मी, पण त्या दुपारी खुर्चीवर चढून नाचायचंच बाकी होतं.

आईनं चष्मा लावला आणि कॅमेरा दोन्ही हातांनी धरून किती तरी वेळ पाहिलं.  दोनदा मान हलवली, अवघड गणित सुटलेल्या वहीवर खूण करताना हलवायची तशी. मग तिनं कॅमेरा बाबांकडे दिला.

बाबांनी आरशाबाहेर स्वतःचे उघडे डोळे पहिल्यांदाच पाहिले असावेत. मी असा हसतो होय, त्यांनी आईला विचारलं. ती म्हणाली, रोज नाही. मग ते माझ्याकडे वळले.

"यानं काढलास? मला ऐकू कसं आलं नाही?"

"येतच नाही बाबा. सकाळी सांगितलं होतं."

त्यांनी मिररलेस उलटासुलटा करून पाहिला, कानाशी धरला, खटका दाबला, काहीच ऐकू आलं नाही. रेंजफाइंडर उचलून त्याचं झाकण काढलं, घातलं, पुन्हा काढलं. मला वाटलं आता यंत्रांवर व्याख्यान ऐकावं लागणार.

"हाच घे," ते मिररलेसकडे बोट दाखवून म्हणाले. "जो मला फसवू शकतो, तो तुझ्या पियानोवाल्याला कुठं कळतोय."

सोमवारी मी चिकटपट्टी काढून, मागचा डाग घासूनपुसून रेंजफाइंडर परत केला. देताना वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. दुकानदारानं विचारलं की का नको. मी म्हटलं, तक्रार काही नाही, त्याच्यामुळेच तर काम झालं. तो चक्रावला, पण बाबांची गोष्ट त्याला सांगायची माझी हिंमत नव्हती. ती बाबांनी स्वतःच फोन करून सांगितली. प्रकाशमापक अगदी उत्तम आहे, असंही कळवलं.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. नस बरीचशी वाचली, पण डावा ओठ अजून उजव्याच्या मागं मागं राहतो, हसताना आधी अर्धे बाबा हसतात. डॉक्टर म्हणतात वेळ लागेल. बाबांना त्याचं फारसं काही वाटत नाही. मधल्या काळात मी नव्या कॅमेऱ्यानं त्याच पियानोवादकाची मैफल केली, पहिल्या रांगेतून, सबंध दोन तास, आणि शेवटी त्यानं आयोजकांना विचारलं की फोटोवाल्या बाई आल्याच नव्हत्या का. माझ्या कामाला याहून मोठी शाबासकी मला अजून मिळालेली नाही.

सातव्या फोटोची मी मोठी प्रत काढून घेतली आणि चौकटीत बसवून घरी आणली. आईनं ती पलंगाच्या तिच्या बाजूला लावली. बाबा भिंतीची पातळी तपासत होते, मी खिळ्यांचा डबा आवरत होते, आणि तेव्हा मला एकदम आठवलं की खुर्चीत बसलेल्या आईच्या बरोबर समोर तो कॅमेरा होता. म्हटलं, आई, तुला झाकण केव्हा दिसलं?

"पहिल्या फोटोलाच," ती म्हणाली.

"मग बारा फोटो होईपर्यंत बोलली का नाहीस?"

आईनं बाबांकडे एकदा पाहिलं. ते भिंतीला डोळा लावून चौकट एका केसाइतकी वर करण्यात गुंग होते.

"माझ्याकडे बघत होते ना," ती म्हणाली. "पेचकस शोधायला वळले, तेव्हा सांगितलं."